विळा, कुडगोल आणि देवाचा माणूस

नियमांची वही हे वाङ्मय मानायचे का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. मी मानतो. पाककृतींच्या वहीत जसे घर दिसते, तसे खेळाच्या नियमांत खेळणाऱ्यांचे जग दिसते. कशाला किंमत आहे, कशाची भीती आहे, देव कुठे बसतो आणि माणूस कशाने मरतो, हे सगळे तिथे आकड्यांत मांडलेले असते. अशी एक वही सध्या माझ्यासमोर आहे. दोनशे पानी, रेघांची, हिंडलग्यातल्या पाच तरुणांनी मिळून लिहिलेली. दोघांच्या घरी मराठी, दोघांच्या घरी कानडी, आणि पाचव्याच्या घरी आई एक बोलते तर वडील दुसरे. वही छापायची त्यांची इच्छा नाही. मात्र तिच्यावर लिहायला त्यांनी आनंदाने परवानगी दिली, आणि 'काका, सोडू नका' असेही बजावले. तेव्हा सोडत नाही.

आधी खेळाविषयी थोडे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात बाजारात आणला. त्याला पट लागतोच असे नाही. चार-पाच जण बसतात, एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार म्हणतो, समोर पडका वाडा आहे, आतून धूर येतो आहे. पात्रे काय करणार ते आपापल्या तोंडाने सांगतात, आणि जमले की फसले हे वीस बाजूंच्या फाशावर ठरते. आपल्याकडच्या माणसाला सांगायचे तर हे दशावतारी नाटकाच्या जवळचे आहे. दशावतारात कथानक ठरलेले असते, संवाद लिहिलेले नसतात. इथे कथानकही पुरते ठरलेले नसते आणि संकासुराच्या वधालाही फाशाची परवानगी लागते, एवढाच फरक.

मूळ पुस्तकातल्या तलवारी आणि मूळ पुस्तकातले देव कुणालाच पुरत नाहीत. म्हणून खेळणारे घरी बसून नवी हत्यारे, नवे देव, नवे उपासक रचतात. इंग्रजीत या उद्योगाला 'होमब्रू' म्हणतात, म्हणजे अक्षरशः घरी गाळलेली! मी आपला 'घरचे नियम' म्हणेन. कंपनीनेच २००० साली नियमांचा मोठा भाग परवान्याने खुला केला आणि २०२३ साली तो आणखी मोकळा केला, त्यामुळे हे काम चोरीचे राहिलेले नाही. अर्थात गोट्यांचे आणि लगोरीचे नियम गल्लीगणिक बदलत आलेल्या मुलखाला परवान्याचे अप्रूप ते काय.

घरचे नियम चांगले कशाला म्हणायचे? कसोटीसाठी मला लांब जावे लागत नाही. घाट उतरून सावंतवाडीला गेले तरी पुरते. मोगली गंजिफात आठ रंग आणि शहाण्णव पाने. ताज, शमशेर, गुलाम, सोन्याचे नाणे, रुप्याचे नाणे असे ते रंग. बादशहाचा सगळा दरबार त्यात आलेला. आपल्या लोकांनी तो खेळ घेतला आणि दहा रंगांची, एकशेवीस पानांची दशावतारी गंजिफा केली. मत्स्याला मासा, परशुरामाला परशू. इथवर चित्रे बदलली असे कुणी म्हणेल, पण खरी करामत पुढे आहे. मोगली खेळात दिवसा सोन्याच्या नाण्याचा रंग उतारी करतो, रात्री रुप्याच्या. दिवसाला सूर्य, रात्रीला चंद्र. दशावतारीत दिवसा रामाचा मान, रात्री कृष्णाचा. माझ्या मते हे ज्याने कुणी बसवले त्याला राम सूर्यवंशी आणि कृष्ण चंद्रवंशी हे नेमके आठवत होते. त्याने नियमाचा अर्थ ओळखला, त्या अर्थाला आपल्या घरात जागा शोधली आणि मग चित्र काढले. नुसती शमशेर पुसून परशू काढणारा वेगळा. पहिल्याला मी रचनाकार म्हणतो आणि दुसऱ्याला रंगारी.

ही मोजपट्टी घेऊन वहीतल्या हत्यारांकडे जाऊ.

१९७४ च्या मूळ पुस्तिकांत सगळी हत्यारे सारखीच लागत. सुरी असो की परशू, सहा बाजूंचा एक फासा. १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीने हत्यारागणिक फासा बदलला आणि तेव्हापासून खेळणाऱ्यांची अर्धी अक्कल 'कुठल्या हत्याराला किती बाजूंचा फासा' यात खर्च होत आली आहे. आजच्या कोष्टकात सुरीला चार बाजूंचा, लांब तलवारीला आठ बाजूंचा, दोन हातांच्या मोठ्या तलवारीला सहाचे दोन. घरचे हत्यार रचणाऱ्याला पहिला मोह होतो तो फासा वाढवण्याचा. आपल्या मुलांनाही झाला आहे. वहीच्या तिसऱ्या पानावर दांडपट्टा आहे, त्याला बारा बाजूंचा फासा आहे आणि वर पोहोच दुप्पट. का, तर तो आपला आहे म्हणून. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने त्याला राज्यशस्त्राचा मान दिला हेही समासात लिहून ठेवले आहे. मान ठीक आहे, पण सरकारी ठरावाने पाते जड होत नाही.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत मर्दानी खेळ या सगळ्यांनी पाहिले आहेत. पट्टा फिरवणाऱ्याभोवती लोक आपोआप मागे सरतात, हे त्यांनी पाहिलेले नाही असे कसे म्हणू? पात्याची मूठ कोपरापर्यंतच्या लोखंडी खोबणीत असते. मनगट अडकते, म्हणून सगळा फिरवा खांद्यातून येतो. पाते लवते. ते लिंबू कापते, पण चिलखतावर आदळले तर सोट्यासारखे काम करीत नाही. आणि तो हात दुसऱ्या कशाला उपयोगी पडत नाही. दार उघडायचे, दोर धरायचा, पडलेल्या सोबत्याला उचलायचे, सगळे डाव्या हाताने. हत्यार खाली टाकून हात वर करायचे म्हटले तरी आधी खोबणीतून हात काढावा लागतो. यातून जो नियम निघतो तो फाशाचा नाहीच. दांडपट्टेवाल्याच्या भोवतीची जागा त्याची. त्यात शिरेल त्याला घाव, मग तो शत्रू असो वा मित्र. फासा आठ बाजूंचाच ठेवा. खिंडीत एकटा उभा राहणारा माणूस अशाने तयार होईल, आणि सोबत्यांना त्याच्यापासून चार हात लांब राहावे लागेल. त्या एकटेपणात नाट्य आहे. बारा बाजूंच्या फाशात ते नाही.

वाघनखांचेही तसेच. चार बाजूंचा फासा आणि 'शत्रू बेसावध असल्यास तिप्पट' असा नियम वहीत आहे. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून तीन वर्षांच्या बोलीवर वाघनखे साताऱ्यात आली तेव्हा ती अस्सल की नाही यावर केवढी हमरीतुमरी झाली. ती महाराजांचीच असे सिद्ध करता येत नाही, हे खुद्द संग्रहालयाने सांगितलेले आहे. पण प्रतापगडाखालच्या त्या १६५९ च्या भेटीतून खेळाने घ्यायचे ते वेगळेच आहे. वाघनखांची किंमत लढाई सुरू होण्याच्या आधीची आहे. झडती घेणाऱ्याला ती दिसत नाहीत, आलिंगनाचा हात मोकळा वाटतो. म्हणजे नियम हवा तो लपवण्याचा. 'तिप्पट' हा रंगाऱ्याचा नियम झाला.

विट्याला मात्र मनापासून दाद देतो. विटा म्हणजे दोरी बांधलेला फेकीचा भाला. फेकायचा आणि दोरीने परत ओढायचा. मुलांनी त्याचा फासा साधाच ठेवला आणि लिहिले की भाला रुतला तर पुढच्या पाळीला दोरीच्या दोन टोकांना दोन माणसे बांधलेली आहेत असे धरायचे. कोण कुणाला ओढतो ते बळावर ठरेल. हे वाचून मी वही क्षणभर मिटली. एवढ्या दोन ओळींत हत्याराचा स्वभाव आला.

आता विळ्याकडे येतो. पान सातवर 'विळा' आहे, चार बाजूंचा फासा, मूळ पुस्तकातल्या विळ्याइतकाच. पान अकरावर 'कुडगोल' आहे, सहा बाजूंचा. लिहिणारे दोघे वेगळे, शाई वेगळी, आणि दुसऱ्याची लिपी कानडी. वस्तू एकच! एकाच अंगणात एकाच खुंटीला अडकवलेले हत्यार मराठीत हाक मारली तर कमी लागते आणि कानडीत जास्त. मुले हे ऐकून खूप हसली. पण मला त्यात आपल्या जिल्ह्याची सगळी कथा दिसली. आपल्याकडे घरांत वस्तू एक असते आणि शब्द दोन असतात. बाहेर आल्यावर आपण शब्दांवरून वस्तू वेगळ्या मानायला लागतो, मग त्यांना वेगवेगळे आकडे देतो आणि शेवटी त्या आकड्यांवरून भांडतो. वहीपुरता उपाय सोपा आहे. एक नोंद, दोन नावे, एक फासा. किती बाजूंचा, ते ऊस तोडलेल्या माणसाला विचारून ठरवा.

देवाच्या माणसांपाशी आले की हाच नियम उलटतो, आणि वहीचा खरा कस तिथे लागतो.

मूळ खेळातले 'क्लेरिक' नावाचे पात्र देवाच्या नावाने शक्ती चालवते. जखमा भरते, भुते पळवते. मुलांनी त्याला 'देवाचा माणूस' असे सुरेख नाव दिले आहे. या पात्राची जन्मकथा मोठी गमतीची आहे. आर्नेसनच्या बैठकीत एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू भूत होऊन फारच बलवान झाले, तेव्हा त्याच्यावर उतारा म्हणून एक धर्मगुरू उभा केला गेला. म्हणजे क्लेरिक हेच मुळात एका घरचा नियम होते! १९७४ च्या पुस्तिकांनी त्याला धारदार हत्यार वापरायची बंदी केली. ही कल्पना युरोपातल्या एका जुन्या समजुतीतून आली की धर्मगुरूने रक्त सांडू नये, सोट्याने मारावे. सोट्याने रक्त कसे सांडत नाही हे देवच जाणे. पुढे १९८० च्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स'मध्ये जगभरचे देव आले. त्यात आपले इंद्र, अग्नी, काली, विष्णूही आले, आणि प्रत्येकाला प्राणाचे गुण मिळाले, म्हणजे किती घाव बसल्यावर देव मरतो त्याचा हिशेब. २०१४ च्या पुस्तकात देवांऐवजी सात क्षेत्रे पुढे आली: ज्ञान, जीवन, प्रकाश, निसर्ग, वादळ, कपट, युद्ध. देव कुठलाही घ्या, क्षेत्र निवडा, शक्ती घ्या. सरकारी खात्यांची वाटणी असावी तशी ही व्यवस्था आहे. आणि शक्ती संपली तर? आठ तास विश्रांती घ्यायची, सकाळी देव पुन्हा प्रसन्न.

आपल्या मुलखात देव इतका स्वस्त नाही. इथे आधी नेम असतो, मग शक्ती. माळ, एकादशी, उपवास, भिक्षेची घरे, अनवाणी वाट. आणि देवाच्या माणसाच्या हातात हत्यार असते तेव्हा त्याचे तोंड बहुधा शत्रूकडे नसते. पोतराजाचा कोरडा स्वतःच्याच अंगावर ओढला जातो. जेजुरीला वाघ्या लोखंडी साखळी हिसक्याने तोडतो, ते कुणाला मारायला नव्हे. तिथलाच सुमारे बेचाळीस किलोंचा खंडा दसऱ्याला उचलून तोलला जातो, चालवला जात नाही. खंडेनवमीला आपण तलवारीशेजारी पाना, कात्री आणि शिवणयंत्र मांडून सगळ्यांना एकच हळदकुंकू लावतो. तेव्हा हत्यारांचे एक प्रकरण आणि उपासकांचे दुसरे, ही जी मांडणी वहीने पुस्तकावरून उचलली आहे, तिथेच तिचा पाया चुकला आहे. हत्यार आणि नेम ही इथे एकाच प्रकरणाची दोन पाने आहेत.

मुलांना हे अंधुकपणे जाणवले आहे. त्यांचा वारकरी हत्यार उचलत नाही. उचललेच तर पुढच्या एकादशीपर्यंत त्याची शक्ती जाते. कटीवर हात ठेवून उभ्या असलेल्या देवाच्या भक्ताला हे शोभते. सूत्रधाराला तिथी मोजत बसावे लागेल, ही तक्रार मला मान्य नाही, बसू दे. आठ तासांच्या झोपेपेक्षा पंधरवडा केव्हाही खरा.

वाघ्या आणि गोरव मात्र आधी एकत्र होते. कुणीतरी शहाणपणा करून 'दोन्ही एकच, खंडोबा म्हणजेच मैलार' असे लिहून गोरवाचे पान खोडले आहे. देव एक, हे खरेच. आपल्या जिल्ह्यातल्या मंगसुळीला मराठी माणूस खंडोबा म्हणून जातो, कानडी माणूस त्याच देवाला मैलार म्हणतो. विठ्ठलाच्या कानडेपणाचा उलगडा रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या १९८४ च्या ग्रंथात केला, तो वाचल्यावर देवांच्या सीमा आखण्याची कुणाला हौस राहू नये. पण देव एक असला तरी नेम एक नाहीत. वाघ्याकडे भंडारा, दिमडी आणि कोटंबा. त्यातही घरवाघ्या वेगळा आणि दारवाघ्या वेगळा. पहिला घर-शेत सांभाळून नेम पाळतो, दुसरा दारोदार मागतो. गोरवाकडे काळी घोंगडी, अस्वलाच्या केसांची टोपी, डमरू. आणि हडगली तालुक्यातल्या मैलारला दर वर्षी काय होते? उपवास केलेला गोरवय्या उभ्या केलेल्या प्रचंड धनुष्यावर चढतो. हजारोंचा समुदाय चिडीचूप होतो. तो वरून एकच वाक्य बोलतो आणि खाली झेपावतो, लोक त्याला झेलतात. त्या वाक्यावर लोक वर्षाच्या पावसापाण्याचा अंदाज बांधतात.

हे धनुष्य बाण सोडण्यासाठी नाही, चढण्यासाठी आहे. जगातल्या कुठल्याही नियमपुस्तकात मला असे शस्त्र आढळलेले नाही, आणि ते आपल्या वहीतून खोडले गेले! गोरवाचे पान परत आणावे ही माझी पहिली मागणी आहे. नियम असा करता येईल: बैठकीत एकदाच, अन्न वर्ज्य केलेल्या गोरवाने उंचावरून एक वाक्य बोलावे, ते कोड्यासारखे असावे, आणि सोबत्यांनी झेलले नाही तर त्याला पडल्याचा घाव लागावा. वाक्य खरे कसे ठरवायचे ते सूत्रधार आणि बाकीचे खेळाडू यांनी पुढच्या बैठकांत बघावे. विळा आणि कुडगोल एक करा, पण वाघ्या आणि गोरव वेगळे ठेवा.

जंगमाच्या पानावर मला थोडे कठोर व्हावे लागेल. मूळ पुस्तकात देवचिन्ह ही पाच सुवर्णमुद्रांना मिळणारी वस्तू आहे. हरवले तर दुसरे घ्या. मुलांनी तेच कोष्टक ठेवून 'देवचिन्ह : इष्टलिंग' असे लिहिले आहे. आपल्या शेजारच्या घरांत ते अंगावर असते, रोज तळहातावर घेऊन पूजले जाते आणि माणसाबरोबर समाधीत जाते. त्याला किंमत लावलेली त्या घरातल्या आजीला दाखवता येईल का, एवढे मुलांनी स्वतःला विचारावे. शिवाय जंगम म्हणजे चालता. त्याला वहीने मंदिरात बसवून ठेवले आहे. बसवण्णांच्या परंपरेचा मुख्य मुद्दाच, की देह हे देऊळ, तो निसटला. पान नव्याने लिहायला हवे, आणि ते त्या दोघा कानडी घरच्या मुलांनी लिहावे.

शेवटी जोगतिणीचे पान. चित्र देखणे आहे; डोईवर जग, गळ्यात कवड्या. 'देवीचा संचार झाल्यास सर्व घावांवर दोन अधिक' असा नियम आहे. सौंदत्ती आपल्याच जिल्ह्यात आहे, म्हणून मुलांना यल्लम्मा घ्यावीशी वाटणे स्वाभाविक आहे. पण या खेळात पात्राचा प्रकार खेळणारा स्वतः निवडतो. सगळी गंमतच त्या निवडीत आहे. जिला लहानपणी देवीला सोडले तिने काय निवडले होते? हा मुलूख मुंबई इलाख्यात असताना १९३४ साली या चालीविरुद्ध कायदा झाला, कर्नाटकाने १९८२ साली पुन्हा केला. एकाच गोष्टीला दोनदा कायदा करावा लागतो याचा अर्थ काय, ते निपाणीकडच्या वाचकांना मी सांगायला नको. वाघ्यालाही नवसाने सोडत, मुरळीलाही. तेव्हा हा आक्षेप एका पानापुरता नाही, हे मी जाणतो. तरी वाघ्याच्या पानात घरवाघ्याची वाट आहे, आपणहून नेम घेणाऱ्याची. जोगतिणीच्या पानात तशी वाट वहीने ठेवलेली नाही. दोन अधिक गुण घेऊन ती भागत नाही. हे पान निवडीच्या यादीतून काढावे. जोगतीण खेळात यावी ती सूत्रधाराच्या तोंडून, नाव असलेली, गाव असलेली बाई म्हणून, आणि पात्रांपुढे तिने काय मागावे हे फाशावर सोडू नये.

मुलांपैकी एकाने यावर वाद घातला की मग शक्तीची उपासक म्हणून कोण उरते? उत्तर वहीतच आहे, सदतिसाव्या पानावर. तिथे 'गोंधळी' एवढा मथळा आहे, खाली संबळ, दिवटी आणि कवड्यांची माळ अशी तीन नावे आहेत, आणि पुढे पान कोरे. संबळ हत्यारांत घालायची की वाद्यांत यावर त्यांचे अडले आहे. गोंधळी रात्रभर जागतो, घराच्या कुळाची दैवते नावे घेऊन बोलावतो, आणि ती सगळी आल्याखेरीज गोंधळ उभा राहत नाही. आठ तासांच्या झोपेवर चालणाऱ्या खेळात हा माणूस झोपतच नाही, तर त्याची शक्ती परत कधी येते, याचा नियम आधी लिहा. संबळीचे मग बघू.